हात लावू नको बे

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यामागे,
चन्नप्पाच्या टपरीवर रोज सहाला एकच भांडण:
कोणती भाषा चांगली.

मुदस्सर पायथनचा. जीभ जड होत नाही म्हणतो.
रेवणसिद्ध जावाचा. चार ओळी जास्त लिहीन, म्हणतो,
पण रात्री दोनला फोन येणार नाही.
फोन येतो. आम्हीच करतो.
श्रीहरी, पुण्यातली नोकरी गेल्यावर परत आलेला,
नुकतंच रस्ट शिकलाय,
आणि चहा सोडलेल्या माणसासारखा
सगळ्यांच्या कपात बघत बसतो.

रेवण घरी कन्नड, मुदस्सर दखनी,
मी आईला फोनवर, वस्तुन्ना, वस्तुन्ना,
आणि निघत नाही.
चन्नप्पा चौघांची उधारी मराठीत मांडतो.
त्याची वही अजून एकदाही हँग झालेली नाही.

तर कारखान्याचा पगाराचा प्रोग्राम माझ्याकडे आला.
फॉक्सप्रोतला. नव्या भाषेत उतरवायचा होता.
लिहिणारे गाजूल सर कधीच निवृत्त.
व्हेरिएबलची नावं एक्स, डबल एक्स, ट्रिपल एक्स;
अडीच हजार ओळींत समजुतीचा एक शब्द नाही.
फक्त एका जागी, इंग्रजी अक्षरांत, आपल्या बोलीत:
याला हात लावू नको बे

आणि खाली,
कार्ड नंबर सत्तेचाळीस असेल
आणि वार शनिवार,
तर एक तास मिळव.

बग आहे, मुदस्सर म्हणाला.
बगवर कुणी पाटी लावतं का बे, रेवण म्हणाला.
(मलाही बे म्हणतात. मी कधीच हरकत घेतली नाही.)
श्रीहरी म्हणाला, टेस्ट नाही ना? मग उडव.

सत्तेचाळीस म्हणजे नरसव्वा बुरा.
टॉवेलच्या कडा मारते, पायाखाली दोऱ्यांचा पांढरा कचरा.
शनिवारी जास्त थांबता का?
सगळ्यांसारखीच की.
पगार बरोबर येतो?
तिनं मशीन थांबवलं.
का? कमी होणाराय?

गाजूल सर विडी घरकुलात राहतात.
एप्रिल, त्रेचाळीस डिग्री, सर बनियनवर
कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होते.
ओळ वाचून दाखवली तर आधी ओळखच देईनात.
मग म्हणाले, दोन हजार तीनला
पैशांचं राऊंडिंग माझ्याकडून चुकलं.
सगळ्यांचे कापलेले परत दिले.
हिचं कार्ड मध्येच बदललेलं, हिचे राहिले.
मालक म्हणाले, गेलं ते गेलं.

म्हणून शनिवारचा तास.
किती दिवसांत फिटणार होतं, सर?
चौदा महिने.
मग?
थांबायची अट लिहायची राहिली.

राहिली, का ठेवली?

सर म्हणाले, पाणी घे. माठातलं घे, फ्रीजचं नको.

परत येताना रिक्षात मी हिशेब केला आणि
अशोक चौकाच्या आत सोडून दिला.
एवढ्या शनिवारांचं काय करायचं असतं
हे कुठल्या भाषेच्या पुस्तकात शिकवत नाहीत.

आठ दिवसांत प्रोग्राम झाला.
नावं नीट, फंक्शन छोटी, सगळ्या टेस्ट हिरव्या.
सत्तेचाळीसची पण एक टेस्ट लिहिली.
तपासायला श्रीहरीकडे पाठवला. हा माणूस
स्वल्पविरामावरून कोड परत करतो.
पुण्यात काढायच्या लोकांची यादी
कुठल्याशा स्क्रिप्टनं पहाटे चारला काढली होती.
हे त्यानं एकदाच सांगितलंय, तेही शेंगा सोलता सोलता.

टपरीवर लॅपटॉप गुडघ्यावर घेऊन तो वाचत होता.
पलीकडे टॅब का स्पेस यावर दोघं हातघाईवर.
त्या ओळीशी तो थांबला.
हे काय?
नियम आहे.
कुणाचा?
मी चहा घेतला. मशीनच्या खोलीत पाळी बदलल्याचा भोंगा झाला,
बायका डबे घेऊन बाहेर पडू लागल्या,
तो त्यांच्याकडे बघत राहिला, बराच वेळ,
मग खाली मान घालून टाइप केलं.

माझ्या फोनवर त्याचा शेरा आला, एकच:
या ओळीआधी स्पेस दोन आहेत. चार कर.

मी चार केल्या.